वर्षभरात प्रत्येकाने किती रॉड जाळले? आयटीआयच्या प्राचार्यांना आणि संस्था व्यवस्थापन समित्यांना खुले पत्र

प्रति,
प्राचार्य आणि संस्था व्यवस्थापन समितीचे सदस्य,
संधाता हा व्यवसाय शिकवणाऱ्या राज्यातील सर्व औद्योगिक प्रशिक्षण संस्था

महोदय, महोदया,

आपल्या फलकावर आमच्या व्यवसायाचे नाव ‘संधाता’ असे असते. जोडारी, कातारी, वीजतंत्री यांच्या पंक्तीला ते शोभतेही; पण प्रवेशाच्या रांगेतल्या मुलापासून एमआयडीसीतल्या सुपरवायझरपर्यंत सगळे वेल्डरच म्हणतात, तेव्हा इथेही तोच शब्द वापरतो. हे पत्र लिहिणाऱ्यांत काही शिल्प निदेशक आहेत, काही फॅब्रिकेशन शॉपमध्ये वेल्डरची चाचणी घेणारे. एक बाजू मुलांना घडवते, दुसरी त्यांना गेटवर तपासते. या दोघांचे सहसा जमत नाही. एका मुद्द्यावर मात्र जमले.

मुद्दा असा की, प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याने वर्षभरात किती रॉड (आवरण असलेल्या वेल्डिंगच्या काड्या) जाळले याची नोंद ठेवा आणि तो आकडा आठशेच्या खाली जाऊ देऊ नका. बाकी जे मागतो आहोत ते यातूनच निघते.

आठशे हा आकडा कुठल्या परिपत्रकातला नाही, आमच्या हिशेबाचा आहे. ३.१५ मिमी जाडीचा आणि ३५० मिमी लांबीचा ई-६०१३, म्हणजे सरावाचा नेहमीचा साधा रॉड ११० अँपिअरवर साधारण एका मिनिटात संपतो. म्हणजे आठशे रॉड जाळूनही वर्षभरात मुलाच्या हाताखाली आर्क (धातू वितळवणारी विजेची ज्योत) पेटला जेमतेम तेरा तास. दोनशे रॉड मिळाले, तर सव्वातीन तास. सव्वातीन तासांत मोटरसायकलसुद्धा धड येत नाही. प्रमाणपत्र घेऊन हा मुलगा कारखान्यात गेला की तिथला माणूस फाइल उघडतही नाही. दहा मिमीची प्लेट उभी टॅक करून, म्हणजे टिपक्यांनी तात्पुरती जोडून देतो आणि म्हणतो, ‘मार.’

यावर नेहमीचे उत्तर मशीन कमी असल्याचे. खरे आहे, पण ते पुरते खरे नाही. वीस जणांच्या तुकडीला पाच चालू मशीन धरा. एका मशीनवर चौघे, प्रात्यक्षिकाचे तीन तास. प्रत्येकाच्या वाट्याला पाऊण तास. त्यात जॉब (सरावाचा तुकडा) लावणे, टॅक करणे, स्लॅग (जोडावर बसणारी खपली) झाडणे, ब्रश मारणे, बघणे हे सगळे वजा केले तरी आठ-दहा मिनिटे आर्क सहज पेटतो. दिवसाला आठ रॉड, आर्क वेल्डिंगचे शंभर दिवस, झाले आठशे. गॅस, मिग, टिग या वेल्डिंगच्या इतर पद्धती आणि कटिंगसाठी उरलेले दिवस वेगळेच. पाच मशीनवर हे बसते. रॉड आणि प्लेट नसेल तर वीस मशीनवरही बसणार नाही. तेव्हा नवीन मशीनचा प्रस्ताव करण्याआधी भांडारातल्या रॉडचे पुडे मोजावेत, ही विनंती.

चौघांतले तिघे त्या वेळात काय करतात, याला मात्र शिस्त हवी. एक वेल्डिंग करतो. दुसरा काच लावून शेजारी बसतो आणि फक्त आर्कची लांबी व स्लॅग कुठे वाहतो आहे ते पाहतो. तिसरा पुढच्या जॉबच्या कडा ग्राइंड करून गॅप लावतो. चौथा आधीचा जॉब फोडून तपासतो. दर दहा-बारा मिनिटांनी जागा बदलायच्या. दुसऱ्याचा आर्क बघून मुले जेवढी शिकतात तेवढी फळ्यावरून शिकत नाहीत, हे सगळ्या निदेशकांना ठाऊक आहे. फक्त दुसरी काच द्यायला हवी.

खरेदीचे गणित सोपे आहे. ३५० मिमीचे रॉड किलोला साधारण तेहतीस बसतात. आठशे म्हणजे चोवीस किलो, वीस मुलांचे ४८० किलो. वाया जाणारे धरून अर्धा टन. ४५० मिमीचा लांब रॉड घेतला तर टाकून द्यायचा तुकडा प्रमाणात कमी पडतो, म्हणून भांडारवाल्याला तो आवडतो. पण नवशिक्याच्या हातात लांब रॉडचे टोक थरथरते. पहिले तीन महिने आखूडच द्या. तो फरक महाग नाही.

प्लेटचा खर्च लोक उगाच फुगवून सांगतात. सरळ रन (वेल्डची एक सलग ओळ) शिकायला १५० बाय १०० मिमीची, १० मिमी जाडीची प्लेट पुरते, वजन सव्वा किलोच्या आत. एका बाजूवर नऊ-दहा रन बसतात, मग उलटून तितकेच, मग आडवे त्यांच्यावरच. अशी एक प्लेट वीस-पंचवीस रॉड खाते. ग्रूव्हच्या, म्हणजे दोन प्लेटांमधली खाच भरायच्या जॉबच्या पट्ट्या कापून झाल्या की उरलेल्या तुकड्यांना पुन्हा बेव्हल (तिरपी कड) मारता येतो. भंगारवाल्याकडून घेतले तरी चालेल, पण गॅल्व्हनाइज्ड पत्रा किंवा पाइप त्यात येऊ देऊ नका. जस्ताचा धूर नाकात गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो आणि दुसऱ्या दिवशी तुमची हजेरी घटते.

आता नोंद कशी ठेवायची. रजिस्टरवर आमचाही भरवसा नाही. मार्चमध्ये एकाच बैठकीत बसून वर्षभराचे रकाने भरलेले आम्ही सगळ्यांनी पाहिले आहेत. त्याऐवजी प्रत्येकाला रोल नंबर रंगवलेला एक पत्र्याचा डबा द्या. जळून उरलेले तुकडे त्यात टाकायचे, नवा रॉड मागताना जुना तुकडा दाखवायचा, शनिवारी डबा मोजायचा. तुकडे खोटे बोलत नाहीत. आणि ते नुसता आकडा सांगत नाहीत, हात कसा आहे तेही सांगतात.

असा एखादा डबा टेबलावर उलटा करून पाहा. पन्नास मिमीचे, आवरण शाबूत असलेले तुकडे असतील तर सगळे ठीक. तुकडे शंभर-शंभर मिमीचे, आवरण तपकिरी पडून तडकलेले, तर करंट जास्त आहे. दीडशे अँपिअरवर ३.१५ चा रॉड निम्म्यावरच लाल होतो आणि पोरगा तो फेकून देतो. तुमच्या खरेदीतला दर तिसरा-चौथा रुपया असा डब्यात जातो. तुकडे वाकलेले आणि टोकाचे आवरण झडलेले असेल, तर रॉड चिकटत होता. करंट कमी, नाहीतर अर्थिंगचा क्लॅम्प ढिला. क्लॅम्पला हात लावून बघा, गरम लागला की कारण सापडले. आवरण एका बाजूने जास्त जळून टोक नखासारखे तिरपे झालेले दिसले, तर मुलाला बोलू नका. आवरण गाभ्याभोवती सगळीकडे सारख्या जाडीचे नाही, रॉडच सदोष आहे. ते खोके पुरवठादाराकडे परत जायला हवे. आणि आवरणावर पांढरी बुरशीसारखी लव दिसली, तर रॉड ओलाव्यात बरेच दिवस पडून होते.

हा ओलावा आपल्याकडचा खास दुखरा विषय. सत्र सुरू होते ऑगस्टच्या आसपास. म्हणजे मूल आयुष्यातला पहिला आर्क मारते तेच भर पावसाळ्यात, ओल धरलेल्या रॉडने. आर्क तडतडतो, थेंब उडतात, रनवर भोके पडतात आणि मुलाला वाटते आपला हातच वाईट. कोकणातल्या संस्थांना हे वेगळे सांगायला नको. ई-६०१३ साठी उपाय स्वस्त आहे. पत्र्याचे कपाट, आत शंभर वॉटचा पिवळा बल्ब अखंड चालू, पुडे जमिनीपासून वर. ओले झालेच तर १०० ते ११० अंशांवर तासभर तापवायचे. याहून जास्त नको. या रॉडच्या आवरणाला थोडा ओलावा लागतोच, तो पार उडवला की आर्क बिघडतो.

ई-७०१८ चे तसे नाही. लो हायड्रोजन रॉडला बल्बचे कपाट म्हणजे आजाऱ्याला अंगारा. त्याला ३०० अंशांच्या वर दोन तास बेकिंग लागते, मग १०० ते १५० अंशांच्या होल्डिंग ओव्हनमध्ये ठेवणे, आणि हातात घेताना क्विव्हरमधून, म्हणजे रॉड गरम ठेवणाऱ्या नळकांड्यातून एकेक काढणे. नेमके तापमान खोक्यावर छापलेले असते, तेच पाळायचे. हे मुलांना का पटत नाही, तेही सांगतो. आपण शिकवतो दहा मिमीच्या साध्या लोखंडावर. ते इतके सोशिक असते की ओल्या रॉडनेही जॉब तडकत नाही. मूल म्हणते ओव्हनचे सरांचे आपले थोतांड. पुढे तेच मूल चाळीस मिमीच्या किंवा मिश्रधातूच्या प्लेटवर तशाच रॉडने काम करते, रन देखणा येतो, आणि जोड थंड झाल्यावर, कधी दुसऱ्या दिवशी, रनच्या कडेला आतून तडा जातो. ओलाव्यातला हायड्रोजन पोलादात शिरून तिथे दबा धरून बसलेला असतो. कार्यशाळेत ही चूक कधी दिसत नाही, म्हणूनच ओव्हन वापरण्याची सवय तिथेच लावावी लागते. आपल्याकडचा ओव्हन बंद असेल किंवा त्यात जेवणाचे डबे गरम होत असतील, तर आज दुरुस्त करून घ्या.

पावसाळ्यातला दुसरा धोका विजेचा. एसी ट्रान्सफॉर्मरवर आर्क पेटलेला नसताना होल्डरला ८० व्होल्टच्या आसपास दाब असतो. कोरड्या हाताला सहसा काही होत नाही. घामाने भिजलेला हातमोजा, ओली फरशी आणि टेकलेला गुडघा अशा वेळी तेवढा पुरेसा असतो. फाटक्या इन्सुलेशनचा होल्डर चिकटपट्टी मारून वापरू नका. त्याची किंमत एका रॉडच्या खोक्याएवढीही नसते. पायाखाली रबरी मॅट द्या. नवीन इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेणार असाल तर दाब आपोआप कमी करणारी व्हीआरडीची सोय असलेला घ्या. त्याचा आणखी एक फायदा: ११० अँपिअरला जुना ट्रान्सफॉर्मर आठ-नऊ केव्हीए ओढतो, इन्व्हर्टर साधारण त्याच्या निम्म्यात भागवतो. तालुक्याच्या गावी दुपारी दाब पडतो तेव्हा हा फरक कळतो. आणि प्रत्येक कार्यशाळेत तारेभोवती धरून करंट मोजणारा एक टाँग टेस्टर हवाच, कारण जुन्या मशीनच्या डायलवरचा आकडा ही निव्वळ श्रद्धा आहे. इन्व्हर्टर आणि रेक्टिफायरसाठी डीसी मोजणारा टेस्टर लागतो, साधा चालत नाही. मागणीपत्रात तसे स्पष्ट लिहा.

परीक्षा आणि तपासणीबद्दल आमचा सूर जरा चढेल, सांभाळून घ्या. अंतर्गत मूल्यमापनाला मांडलेले जॉब आपण पाहता ना? ग्राइंडर फिरवलेले, तेलाचा हात दिलेले, वर खडूने रोल नंबर. त्या चकाकीखाली जोड लागला आहे की नुसता वरून लेप बसला आहे, हे देवालाही कळणार नाही. आमची मागणी अशी की तपासणीपूर्वी रनला ग्राइंडर लावायला बंदी करा, आणि दर महिन्याला प्रत्येकाचा एक जॉब मोडून बघा.

मोडायला यंत्र लागतेच असे नाही. दोन पट्ट्यांचा टी-जॉइंट घ्या, फिलेट (कोपऱ्यातला वेल्ड) फक्त एका बाजूने मारा, जॉब शिकंजात धरा आणि उभी पट्टी हातोड्याने वेल्डच्या अंगावर पाडा. जोड मुळाकडून उघडतो. मुळाशी राखाडी, खडबडीत, सलग फूट दिसली तर वितळण पोहोचली. पण पुष्कळदा तिथे उभ्या पट्टीची कापलेली कड जशीच्या तशी दिसते, सरळ, काळी, त्यावर कटिंगच्या रेघासुद्धा शाबूत. म्हणजे धातू तिला शिवलाच नाही, वरून वाहून गेला. बाहेरून हाच फिलेट सहा मिमीचा, सुबक असतो. कारणे ठरलेली: भीतीने करंट नव्वदवर ठेवलेला, आर्क लांब, रॉड एका पट्टीकडे झुकलेला, नाहीतर हात इतका सावकाश की स्लॅग पुढे वाहून मुळात भरला. ती काळी रेघ एकदा स्वतःच्या जॉबमध्ये दिसली की मुलाला फिलेटचा कोन परत सांगावा लागत नाही.

ग्रूव्हच्या जॉबला बेंड टेस्ट. तिचा साचा मुलांकडूनच चॅनेल कापून करून घेता येतो. दहा मिमीच्या प्लेटसाठी ४० मिमी व्यासाचा प्लंजर, खाली दोन रोलर, त्यांच्यामधली मोकळी जागा ६३ मिमी. चाळीस मिमी रुंदीची पट्टी वाकवायला तीन-चार टन लागतात, तेव्हा दहा टनांचा बॉटल जॅक भरपूर झाला. पुढे जाळीचे संरक्षण बसवा, पट्टी तुटून उडू शकते. वरचा उठाव प्लेटबरोबर ग्राइंड करायचा, पण ग्राइंडिंगच्या रेघा पट्टीच्या लांबीतच हव्यात. आडव्या रेघेतून तडा सुरू होतो आणि चांगला जोड नापास ठरतो. एक पट्टी रूट (जोडाचे मूळ) बाहेर ठेवून, एक फेस (वरची बाजू) बाहेर ठेवून, दोन्ही यू आकारात. बाहेरच्या बाजूला तीन मिमीपेक्षा मोठी उघडी फट दिसली तर नापास. एएसएमई या अमेरिकी अभियंता संघटनेच्या संहितेतल्या सेक्शन ९ प्रमाणे गेटवर आम्ही हेच मोजतो.

नापास पट्ट्यांतल्या बहुतेक रूटला उघडतात, आणि दोष वेल्डिंगपेक्षा तयारीत असतो. साठ अंशांचा व्ही म्हणजे प्रत्येक प्लेटला तीस अंशांचा बेव्हल, दीड ते दोन मिमी रूट फेस (मुळाशी न कापता ठेवलेली सरळ कड), तीन मिमी गॅप. गॅप डोळ्याने लावायचा नाही. आवरण झाडलेला ३.१५ चा रॉड मध्ये घालून टॅक करायचे. जोड पुढे सरकेल तसा गॅप मिटत जातो, म्हणून शेवटच्या टोकाला अर्धा मिमी जास्त ठेवायचा. प्लेटा दोन-तीन अंश उलट्या बाजूला वाकवून टॅक करायच्या, आकसल्यावर त्या सरळ येतात. टॅकची दोन्ही टोके ग्राइंडरने उतरती करायची, नाहीतर रूट रन तिथेच अडखळतो. उभ्या जॉबला, म्हणजे ३जी ला, रूट २.५ च्या रॉडने ७५ ते ८५ अँपिअरवर. आर्कच्या पुढे कीहोल, म्हणजे मुळाशी वितळून पडलेले छोटे भोक दिसत राहिले पाहिजे. ते मोठे होत गेले तर धातू खाली ओघळतो, दिसेनासे झाले तर वितळण थांबली. वरच्या थरांना एकच मंत्र: कडेला थांब, मध्ये पळ. मध्ये थांबणाऱ्याचा रन पोट काढतो आणि कडेला अंडरकट (खोबण) पडतो.

एक कलम आमच्यावरही लावा. ज्या प्रक्रियेचे काम वेल्डरने सहा महिने केले नाही, तिची त्याची पात्रता संपते, असे तोच सेक्शन ९ सांगतो. आम्हा निदेशकांची पट्टीसुद्धा सहा महिन्यांनी एकदा तुमच्यासमोर वाकवा. काहींना राग येईल. येऊ द्या.

‘हल्ली सगळीकडे सीओटू वेल्डिंग आहे, रॉड कशाला?’ असे काही समिती-सदस्य विचारतात. चाकण-भोसरीच्या शॉपमध्ये तसे आहे, मान्य. पण साखर कारखान्यांच्या ऑफ सीझनमधली दुरुस्ती, साइटवरचे स्ट्रक्चर, पाइपलाइन, ट्रॉली हे सगळे काम अजून रॉडवर आहे. बॉयलरच्या कामाला तर इंडियन बॉयलर रेग्युलेशन्सप्रमाणे चाचणी देऊन प्रमाणपत्र घेतलेला वेल्डर लागतो. शिवाय मिगमध्ये, ज्याला शॉपवर सीओटू म्हणतात, कमी करंटवर वायर नुसती वर साचते, रन देखणा दिसतो आणि खाली काही चिकटलेले नसते. वितळलेल्या धातूच्या डबक्यात कुठे काय वितळते आहे हे ओळखणारा डोळा रॉडवर तयार होतो, तो मिगला लगेच उपयोगी पडतो. सिम्युलेटरलाही आमचा विरोध नाही. पहिल्या आठवड्यात रॉडचा कोन बसवायला तो बरा. त्यात रॉड चिकटत नाही, स्लॅग पुढे धावत नाही आणि बुटात ठिणगी जात नाही, एवढे लक्षात ठेवून घ्या.

काच आणि धूर, थोडक्यात. आर्कसाठी १० किंवा ११ शेडची (काळेपणाच्या क्रमांकाची) काच, शेडचा आकडा छापलेली. तिच्यापुढची साधी काच ही भांडारातली रोजची वस्तू आहे, वर्षाला एक अशी नाही. थेंबांनी ती आंधळी झाली की मूल शील्ड वर करून डोकावते आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होऊन बटाट्याच्या चकत्या ठेवून झोपते. टेरिकॉटच्या गणवेशात आर्कवर बसवू नका. ठिणगीने तो वितळून कातडीला चिकटतो, जाड सुती कपडा हवा. वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक असल्याचे आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने २०१७ मध्येच नक्की केले आहे. भिंतीत उंचावर बसवलेला पंखा तो धूर आधी मुलाच्या तोंडावरून नेतो, मग बाहेर. ओढणारे तोंड आर्कच्या पातळीला, समोर किंवा बाजूला हवे.

शेवटी तारखांचे. रॉड आणि प्लेट येतात मार्चएंडला, कारण निधी तेव्हा सुटतो. तोवर तुकडी शेवटच्या टप्प्यात असते, आणि तो माल पावसाळा खाऊन पुढच्या तुकडीला मिळतो. पुढील सत्रासाठी एवढे करा. ई-६०१३ चा अर्धा टन दोन हप्त्यांत मागवा, पहिला जुलैअखेर आणि दुसरा डिसेंबरात. ई-७०१८ लागेल तेवढाच, हवाबंद पुड्यांत, ओव्हन चालू असल्याची खात्री केल्यावर. वीस डबे संस्थेतच पत्रा कापून करून घ्या. त्यांवर रोल नंबर मुलांनाच रंगवू द्या. पहिली मोजणी सत्र सुरू झाल्यावरच्या दुसऱ्या शनिवारी ठेवा, आणि त्या दिवशी प्राचार्यांनी स्वतः कार्यशाळेत यावे. चाचणी घेणाऱ्यांपैकी जे जवळपास असतील ते पट्ट्या वाकवायला येतील, मानधन नको.

आपले,
संधाता व्यवसायाचे काही शिल्प निदेशक
आणि फॅब्रिकेशन शॉपमधील वेल्डिंग पर्यवेक्षक